मदत हवी आहे: लेकीचा हिरमोड झालाय, आता काय देऊ?

नमस्कार मंडळी. माझी लेक दहा वर्षांची. २०१७ चा 'वंडर वुमन' हा सिनेमा आम्ही कोथरूडच्या घरीच पाहिला. त्यातली नायिका डायना, म्हणजेच वंडर वुमन, खंदकातून शिडीने वर येते आणि ढालीवर गोळ्या झेलत एकटी पुढे निघते, तेव्हा पोरगी सोफ्यावर उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी पोळपाटाची ढाल करून घरभर फिरत होती.

परवा मोठ्या हौसेने २०२० चा पुढचा भाग लावला. दिग्दर्शिका तीच, पॅटी जेन्किन्स, नायिकाही तीच. पण जीव नाही. इच्छा पूर्ण करणारा दगड काय, आणि पहिल्या भागात मेलेला डायनाचा प्रियकर स्टीव्ह परत येतो तो चक्क दुसऱ्याच माणसाच्या शरीरात! "आई, मग त्या माणसाचं काय झालं?" लेकीने विचारलं. मला उत्तर सुचेना, सिनेमानेही दिलं नाही. अडीच तासांचा सिनेमा, शेवटाआधीच ती उठून गेली. मला फार वाईट वाटलं.

डायना मुळात १९४१ पासूनची, कॉमिक्समधली. तिची जुनी कॉमिक्स अप्पा बळवंत चौकात कुणाला मिळालीत का? या वयाला चालतील अशी हवीत. मराठीत धाडसी मुलीची गोष्ट असेल तर तीही सुचवा. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे.