गर्न्सीवरचं नाटक: चोरून बातम्या ऐकण्याचा प्रवेश पटेल का?

रंगपट: दोन अंकी नाटक लिहितोय. जर्मनांच्या ताब्यातलं, इंग्लिश खाडीतलं गर्न्सी हे ब्रिटिश राजवटीखालचं बेट, जुलै 1943. बहीण एका जर्मन सैनिकाच्या प्रेमात, भाऊ पोटमाळ्यावर चोरून बीबीसीच्या नऊच्या बातम्या ऐकतो. जर्मन वेळेमुळे बेटावर तेव्हा दहा वाजलेले. सैनिकाला दाराबाहेर आवाज ऐकू येतो. शेवट जानेवारी 1945 चा, तोच सैनिक उपाशी घराला पाव आणून देतो. काय चुकतंय?

खरखर: दाराबाहेर ऐकू येणं. जून 1942 मध्ये रेडिओ जप्त झाले. काहींनी दडवले, पण बऱ्याच जणांनी क्रिस्टल सेट, म्हणजे खनिजाच्या खड्यावर चालणारे साधे रेडिओ बनवले. त्याला ना बॅटरी, ना व्हॉल्व्ह, त्यामुळे आवाज इयरफोनपुरताच. पुठ्ठ्याच्या नळीवर इनॅमल तारेचे 80-100 वेढे, गॅलिनाचा (शिशाच्या खनिजाचा) खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, 20-25 मीटर एरियल, अर्थिंग नळाच्या पाइपला. इयरफोन सार्वजनिक टेलिफोनमधून पळवलेला चालेल, तसे पळवले जातही होते. खड्यावरची नेमकी जागा तारेनं चाचपत शोधावी लागते आणि टेबल जरा हललं की आवाज गेला. तेच वापरा: दारावर थाप, तार सरकली, बातमी अर्धवट. शिवाय इयरफोन एकच. 10 जुलैला दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या हे बहिणीला सांगायचं की नाही, हे भावाच्या हातात! प्रेक्षकांना बीबीसी ऐकवूच नका.

तासकाटा: दहा वाजलेले नसतील. 1940 मध्ये बेटावरची घड्याळं ब्रिटनपेक्षा तासभर पुढे केली हे खरं, पण 1941 पासून ब्रिटनही उन्हाळ्यात ग्रिनिच वेळेच्या दोन तास पुढे, म्हणजे जर्मन वेळेइतकाच असे. जुलै 1943 मध्ये दोन्हीकडे नऊच.

शिधापत्रिका: खरी गडबड शेवटात आहे. ऑगस्ट 1944 पर्यंत फ्रान्समधून येणारी रसद तुटली, तेव्हा जर्मन फौजही उपाशी. 27 डिसेंबरला ‘वेगा’ जहाज रेडक्रॉसची पार्सलं घेऊन आलं, ती फक्त बेटवासीयांसाठी. म्हणजे जानेवारीत चहा-चॉकलेट तिच्या घरात, आणि पोट खपाटीला गेलेला तो दारात. पाव त्याच्या हातून काढा, डबा तिच्या हाती द्या. भाऊ शेजारच्या खोलीत डबे मोजत बसलेला असू द्या.

रंगपट: मग दुसरा अंक मुळातूनच बदलतो. आणि सिसिलीची बातमी भाऊ तिच्यापासून दडवतोच.