संकट, अश्रू आणि विश्वास

ताई, यजमानांच्या आकस्मिक निधनानंतर प्रार्थनेत शब्दच सुचत नाहीत, आणि त्यातच "विश्वास असेल तर रडू नये" असे आपल्या चर्चच्या मंडळीतल्या काहींनी सुनावले, असे आपण लिहिले आहे. हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातील स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या ग्रंथातील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी उघड तक्रारीची आहेत. ८८वे स्तोत्र तर कोणत्याही दिलाशाविना अंधारातच संपते, आणि तरीही उपासनेच्या ग्रंथात त्याला जागा मिळाली. मरण पावलेल्या लाजराला पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या बहिणीचा शोक पाहून रडला. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, भाकर व पाणी दिले. (आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवला तर फार बरे होईल.)

शब्द सुचत नसतील तर रोज एकच स्तोत्र मोठ्याने वाचावे. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, प्रार्थनेसाठी घरी बोलवायचे असते. शोकातही तसे बोलावण्यात संकोच नसावा. नाशिकमधील शरणपूरच्या चर्चमध्ये किंवा नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात, गर्दी नसताना, नुसते बसून राहिलात तरी चालेल. झोप आणि भूक दोन्ही उडाली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवणे लांबवू नका. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.