मदत हवी आहे: आईच्या कमरेसाठी घरी टेन्स मशीन (कातडीवर पॅड लावून दुखण्यावर हलका करंट देणारं) घ्यावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. आई ६८ ची, कंबर धरते आणि डाव्या पायात पार पोटरीपर्यंत कळ जाते, एमआरआय झालाय, ऑपरेशन नको म्हणालेत, फिजिओ चालू आहे. तिथे चिकट पॅड लावून १५ मिनिटं करंट देतात, आई त्याला शेकच म्हणते, गरम काही होत नसलं तरी. झिणझिण्या येतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि रिक्षाने खड्ड्यांतून घरी येईपर्यंत परत तेच! म्हणून घरीच मशीन घ्यावं म्हणते.

पण बाबा अडून बसलेत, म्हणे करंटने नसा जळतात आणि दुखणं नुसतं दबतं. पहिलं सोडा, दुसऱ्यावर मलाही उत्तर सुचत नाही. हे मुळात काढलं कशासाठी? आणि बाबांना पेसमेकर आहे, खांदाही दुखतो, मशीन आलं की "मला पण लाव" होणारच, चालेल का?

प्रतिसाद १:
पेसमेकर असेल तर हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

प्रतिसाद २:
मी ऐरोलीत फिजिओ आहे. नसा जळत नाहीत, पण दुसऱ्या मुद्द्यावर बाबा बरेचसे बरोबर आहेत, याने मणक्यांमधली डिस्क (गादी) दुरुस्त होत नाही. कल्पना जुनी आहे, पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाऊटवाल्याला (सांधे सुजून दुखतात तो आजार) समुद्रकाठी विजेचा झटका देणाऱ्या जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवायला लावायचा, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. (त्यापेक्षा पॅड बरे.) आत्ताचं शास्त्र १९६५ चं, मेलझॅक आणि वॉल या संशोधकांची गेट थिअरी. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, तेच. स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की बारीक नसांमधून येणारा दुखण्याचा निरोप पाठीच्या कण्यातच अडतो. १९६७ ला अमेरिकेत नॉर्मन शीली या न्यूरोसर्जनने पेशंटच्या कण्यातच इलेक्ट्रोड बसवला, आणि मग असं ऑपरेशन कुणाला लागू पडेल ते आधी बघायला कातडीवरून करंट देऊन पाहायला लागले, तर काहींना वरूनच इतकं बरं वाटलं की ऑपरेशनची गरजच उरली नाही. म्हणजे हे दुखणं हलकं करण्यासाठीच आहे, आणि ते हलकं असताना आईंनी चालायचं, व्यायाम करायचा, नुसतं पॅड लावून पडून राहिलं तर उपयोग नाही.

एक विचारा, क्लिनिकमध्ये ४ पॅड फुलीसारखे लावतात का? मग बहुतेक ते आयएफटी (दोन करंट एकमेकांना छेदतील असे देणारं वेगळं मशीन) आहे, टेन्स नाही. घ्यायच्या आधी तिथेच टेन्स लावून बघा. मानेच्या पुढे, जखमेवर, बधिर कातडीवर पॅड नको. शुगर आहे का?

धागाकर्ती:
शुगर आहे, तळपाय थोडे बधिर आहेत, बरं झालं विचारलंत. पॅड ४ च, फुलीसारखे, आत्ता आईने सांगितलं. उद्या टेन्स लावून बघायला सांगते, तोपर्यंत खरेदी थांबवली. बाबांना पेसमेकरचं वाचून दाखवलं तर म्हणाले, मला कुठे हवंय!