२६ डिसेंबर २००४ : त्सुनामी आली तेव्हा तुम्ही कुठे होता?

अंजू_ठाणे

जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचाटकाजवळ ८.८ चा भूकंप झाला, जपानपासून हवाईपर्यंत त्सुनामीचे इशारे निघाले. टीव्हीवर जपानी माणसं गच्चीवर जाऊन समुद्राकडे बघत उभी होती. तेव्हापासून चेन्नईचे ते दिवस डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून लिहिते.

२००४ ला ह्यांची बदली चेन्नईला होती. घर बेझंट नगरला, इलियट्स बीच अगदी चालत जाण्याएवढा. सासूसासरे ठाण्याहून आलेले. २६ तारखेला रविवार आणि दत्तजयंती. सकाळी साडेसहाच्या सुमारास पलंग हलला, मांडणीवरची भांडी वाजली. वरच्या मजल्यावरच्या मामी, आम्ही, सगळे गेटपाशी जमलो, जरा वेळ थांबलो आणि आपापल्या घरात गेलो. सुमात्राच्या समुद्रात काय झालंय आणि ते दोन-अडीच तासांत आपल्या दारात येणार आहे हे सांगणारं तेव्हा कुणीच नव्हतं.

बाबा, म्हणजे सासरे, चहा घेऊन फिरायला गेले. तिथे किनाऱ्यावर एक पांढरं स्मारक आहे, श्मिट मेमोरियल, त्याच्या पायऱ्यांवर बसायचे. नऊच्या आसपास रस्त्यावर आरडाओरडा सुरू झाला. लोक धावत येतायत, कुणाच्या अंगावर चिखल, कुणी रडतंय. हे स्कूटर घेऊन निघणार तेवढ्यात बाबा आले. अनवाणी, कमरेपर्यंत ओले, आणि हाताला एक सहा-सात वर्षांचा मुलगा. त्यांनी सांगितलं ते एवढंच : पाणी लांब आत गेलं, मुलं शिंपले वेचायला पुढे धावली, मग क्षितिजावर काळी रेघ दिसली. जवळचं जे पोर हाती लागलं त्याला धरून ते पळत सुटले. तोंडाने मराठीत "पळा, पळा" ओरडत होते. त्या मुलाने बाबांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं, ते दूध देतानाही सोडेना.

संध्याकाळचा सुंठवडा, पाळणा सगळं राहिलं. आईंनी देवासमोर दिवा लावला आणि मामींच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. मामींनी पातेलंभर सांबार भात केला, आईंनी उपीट. एकीला मराठी येत नाही, दुसरीला तमिळ. खालच्या पार्किंगमध्ये कुप्पमची, म्हणजे कोळीवाड्यातली, माणसं बसली होती, त्यांना वाढलं.

तुम्ही कुठे होता? जपानचं २०११ चं असेल तरी लिहा.

मृण्मयी_डी

बापरे. काटा आला वाचताना. त्या मुलाचं पुढे काय झालं ग? घरचे सापडले का?

अंजू_ठाणे

हो हो, ते लिहायचं राहिलंच. आमच्याकडे कामाला येणारी सेल्वी त्याच कुप्पममधली, तिने ओळखलं. दुपारी त्याचे वडील आले. झोपडी गेली, होडी रस्त्यावर येऊन पडलेली, पण माणसं सगळी होती. त्यांनी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा बाबांना रडू आवरेना. कुकर झालाय, येते.

पोर्टब्लेअरचा_पोरगा

मी नववीत होतो. पोर्ट ब्लेअर. वडील सरकारी नोकरीत.

तुम्हा चेन्नईवाल्यांना पलंग हलल्यासारखा वाटला, आमच्याकडे उभं राहता येत नव्हतं. आईने मला आणि बहिणीला ओढत अंगणात नेलं, आम्ही जमिनीवर बसून एकमेकांना धरून होतो. थांबायचंच नाव घेईना. पाण्याच्या टाकीतून पाणी हिंदकळून भिंतीवरून खाली येत होतं. मग बंदराकडून लोक वर चढत आले.

आम्ही उंचावर राहायचो म्हणून वाचलो. सिप्पीघाटला वडिलांच्या एका सहकाऱ्याची भातशेती होती. लाट ओसरली पण शेतातलं पाणी गेलंच नाही, कारण तिथली जमीनच मीटरभर खाली गेली होती. आजही भरतीचं पाणी तिथे येतं. खाली इंदिरा पॉइंटला तर जमीन चार मीटरच्यावर खचली, दीपगृह पाण्यात उभं राहिलं.

कार निकोबारला हवाई दलाचा तळ होता. तिथले जवान आणि त्यांच्या घरचे मिळून शंभरावर माणसं गेली. आमच्या वर्गातली एक मुलगी नाताळच्या सुट्टीत तिथे वडिलांकडे गेली होती. शाळा सुरू झाल्यावर बाई हजेरी घेताना तिच्या नंबरापाशी थांबायच्या आणि पुढचा नंबर घ्यायच्या. रजिस्टरवर काट मारली नाही त्यांनी वर्षभर.

बोटी भरभरून निकोबारी लोक यायचे. आई आणि कॉलनीतल्या बायका पोळ्या करून द्यायच्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना पोळी कशी खायची कळेना, त्यांनी ती घडी करून पदरात ठेवली. आई त्यानंतर भातच न्यायला लागली.

ओंगे मात्र सगळे वाचले, लिटल अंदमानचे आदिवासी. जमीन हलली आणि समुद्र मागे सरला तेव्हाच ते आत उंचावर निघून गेले. वडील हे सांगताना नेहमी म्हणायचे, आपण त्यांना शिकवायला निघालो होतो.

राजू_पार्ल्याचा

आम्ही मॅच बघत होतो. ढाक्याला भारत-बांगलादेश. धोनी नुकताच संघात आला होता. त्या दिवशी आपण बांगलादेशकडून हरलो, घरात दादा वैतागलेला, आणि खाली पट्टीत बातमी सरकत होती. आधी आकडा शेकड्यात होता. रात्री हजारांत गेला. पुढे दोन लाखांच्यावर जाईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर विश्वास बसला नसता.

@पोर्टब्लेअर, हजेरीचं वाचून थांबलो. तुमच्या बाईंना नमस्कार.

सुनिता_कऱ्हाड

माझे आईवडील कन्याकुमारीला! दक्षिण भारत यात्रेला गेले होते, गावातले बरेच जण एकत्र. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एकीने विवेकानंद स्मारकावर पोचले आणि तिथेच अडकले. शेकडो लोक होते खडकावर. आई सांगते, खाली समुद्र आटल्यासारखा झाला, कधी न दिसलेले खडक उघडे पडले, आणि मग पाणी असं आलं की शेजारच्या तिरुवल्लुवरांच्या पुतळ्यावर उडताना दिसत होतं. सगळ्या बायका स्मारकात बसून रामरक्षा म्हणत होत्या. एका बंगाली बाईंनी आईचा हात धरून ठेवला होता, त्यांना रामरक्षा येत नव्हती पण त्या पुटपुटत होत्या काहीतरी.

आम्हाला इकडे दिवसभर काही कळेना. एसटीडी लागेना. गावात लोक आमच्या ओसरीवर येऊन बसलेले, कुणी बोलत नव्हतं. रात्री शेजाऱ्यांच्या फोनवर बाबांचा आवाज आला, "आम्ही काठावर आलोय, मच्छीमारांनी आणलं." ज्यांच्या घरात पाणी शिरलंय तेच कोळी आपल्या होड्या घेऊन अनोळखी यात्रेकरूंना आणायला गेले. बाबा दर वर्षी २६ डिसेंबरला ही गोष्ट सांगतात आणि मग एकनाथजी रानड्यांवर येतात, की आपल्या माणसाने एवढं भक्कम बांधून घेतलं म्हणून आम्ही जिवंत आहोत. मग अर्धा तास एकनाथजी. आम्ही ऐकतो.

नितीन_के

२६ तारखेचं काहीतरी आहे. भूज २६ जानेवारी, त्सुनामी २६ डिसेंबर, मुंबईचा पूर २६ जुलै, मग २६/११. इराणमधला बामचा भूकंप पण २६ डिसेंबरच, २००३ चा.

मृण्मयी_डी

नितीन, असं नको रे. माझा वाढदिवस २६ चा आहे, लहानपणी भाचरं घाबरायची. किल्लारी ३० तारखेला झालं, जपान ११ ला. तारखेला दोष देऊन काय मिळणार.

औसेकर

किल्लारीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. मी तेव्हा बारावीला. आमच्या घरातली दोघं गेली. ते इथं नको.

त्सुनामीनंतर आम्ही काही पोरं एका ट्रकसोबत नागपट्टिणमला गेलो होतो. तमिळनाडूत सगळ्यात जास्त माणसं त्याच जिल्ह्यात गेली, सहा हजारांच्या आसपास. अक्कराईपेट्टई नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथं होड्या घरांवर बसलेल्या बघितल्या. पुलावर होडी. शाळेच्या भिंतीत होडी घुसलेली.

आणि रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग. देशभरातून आलेले जुने कपडे. स्वेटर, फाटक्या साड्या, कोट. त्या गरम दमट किनाऱ्यावर स्वेटर कोण घालणार? माणसं तिकडं बघत पण नव्हती. मला किल्लारी आठवलं. आमच्याकडं पण असेच गठ्ठे यायचे, आमची आजी एक एक लुगडं झटकून बघायची आणि बाजूला टाकायची. पोटात तुटायचं. सगळं गमावलेल्या माणसाला दुसऱ्याचं उतरलेलं नेसावं लागू नये.

आम्ही सोबत नवी भांडी नेली होती, पातेलं, तवा, चमचे, स्टोव्ह. हे आमच्या गावातल्या बायकांनी ठरवलं होतं, त्यांना माहीत होतं काय लागतं ते. एका बाईनं पातेलं हातात घेतलं, उलटं करून बोटानं वाजवून बघितलं आणि पहिल्यांदा हसली. भाषा येत नसली तरी आपल्यासारखंच दुकानात भांडं घेताना वाजवून बघतेय हे कळलं. कुणाला मदत करायची झाली तर नवीन वस्तू द्या, नाहीतर पैसे द्या. कळकळीनं सांगतो.

अंजू_ठाणे

औसेकर दादा, हात जोडते तुम्हाला. अगदी खरं. आमच्या पार्किंगमध्ये बसलेल्या बायकांनी सगळ्यात आधी काय मागितलं असेल तर कंगवा आणि अंगाला पुसायला कोरडा कपडा.

वेसावकर

आमच्या आजीकडे याच्याही आधीची आठवण होती. १९४५, नोव्हेंबर महिना. तेव्हा मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झालेला (आता पाकिस्तानात), त्याची लाट मुंबईपर्यंत आली, दोन मीटरच्या आसपास. २८ तारीख. आजी सांगायची, सकाळी होड्या दोरखंड तोडून सुटल्या, किनाऱ्यावरची माणसं गेली. तिचे वडील जाळी सुकवत होते ते पळाले. लहानपणी आम्हाला वाटायचं आजी काहीही सांगते. २००४ ला टीव्हीवर ते बघितलं आणि ती म्हणाली, "हेच. असंच पाणी." मग गप्प बसली.

२००४ ला आमच्याकडे लाट आली नाही पण धंदा बसला. कुणीतरी पसरवलं की मासे प्रेतं खातात. महिनाभर गिऱ्हाईक नाही. आईने पापलेटची पाटी तशीच परत आणलेली मला आठवते.

शुभा_गिरगाव

हो हो, आमच्याकडे पण सासऱ्यांनी मासे बंद केले होते तेव्हा. मार्गशीर्ष संपल्यावर सुरमई आणायची ठरलेली असते आमची, त्या वर्षी सोडेसुद्धा नाहीत. तुमच्या आईंसारख्या कोळणींवर काय आलं असेल हा विचार आज पहिल्यांदा मनात आला. दादरला बसतात का त्या अजून?

वेसावकर

नाही ताई, आता गुडघे दुखतात, वहिनी बसते अंधेरीला. सोडे पाहिजे असतील तर सांगा, घरचे आहेत.

केतकी_तोक्यो

११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारी २:४६. ऑफिस शिनागावाला, चौदावा मजला. जपानी सहकारी नेहमी धक्क्याला मान वर करून बघतात आणि कामाला लागतात. त्या दिवशी ते टेबलाखाली गेले, तेव्हा कळलं की हे वेगळं आहे. इमारत डुलत होती, कपाटांचे ड्रॉवर आपोआप उघडत होते.

गाड्या बंद. घर निशिकासाईला, मुलगी पाळणाघरात, अडीच वर्षांची. चालत निघाले. रस्त्यावर हजारो माणसं, डोक्यावर हेल्मेट, आणि कुणी कुणाला ढकलत नाही, सिग्नलला थांबतायत. एका चपलांच्या दुकानाबाहेर ऑफिसातल्या बायका रांगेत उभ्या राहून बूट विकत घेत होत्या, टाचांच्या चपलांनी एवढं चालणार कसं. दुकानदार स्वतः वाकून प्रत्येकीचं माप बघत होता. पाळणाघरात पोचले तेव्हा रात्र झाली होती. सगळी मुलं जाड कापडी टोप्या घालून बसलेली, बाई गाणं म्हणत होत्या. त्या बाईंचं स्वतःचं माहेर मियागीला, म्हणजे लाट आली त्याच भागात होतं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर टीव्हीवर सेंदाईकडची ती शेतं, गाड्या, घरं वाहून नेणारी लाट आपण सगळ्यांनीच बघितली.

मग फुकुशिमाच्या अणुभट्टीचं. पुण्याहून आईचे दर तासाला फोन, "निघून या." निघालो आम्ही, निशिकासाईतले कितीतरी भारतीय निघाले. परत आलो तेव्हा त्याच बाई दारात उभ्या होत्या आणि मुलीला नावाने हाक मारली.

मृण्मयी_डी

केतकी, त्यांच्या माहेरचे?

केतकी_तोक्यो

आई होती त्यांची, वाचली. घर गेलं.

प्राजक्ता_म

अंजूताई, विषय सोडून विचारते, सुंठवड्यात तुम्ही खोबरं भाजून घेता का? आमच्याकडे खसखस पण घालतात.

अंजू_ठाणे

भाजूनच, आणि खारीक पूड. खसखस आईंना आवडायची नाही.

डॉ_भूगर्भ

इथे दोन-तीन ठिकाणी पाणी आत गेल्याचं आलंय म्हणून थोडं लिहितो. लाटेचा खोलगट भाग आधी पोचला तर समुद्र मागे जातो, उंचवटा आधी आला तर थेट पाणीच येतं. म्हणजे समुद्र दर वेळी मागे जाईलच असं नाही. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर समुद्राकडे बघत न थांबता उंचावर जायचं. खोल समुद्रात ही लाट ताशी सातशे-आठशे किलोमीटरने जाते, बोटीवरच्या माणसाला कळतही नाही. किनाऱ्याशी आली की वेग कमी होतो आणि उंची वाढते. आणि लाट एक नसते. दुसरी-तिसरी मोठी असू शकते, म्हणून सामान आणायला परत जायचं नाही. २००४ मध्ये बरेच लोक असे गेले.

गुहागरचा_बंड्या

डॉक्टर, आता इशारा मिळतो का आपल्याला?

डॉ_भूगर्भ

मिळतो. हैदराबादला इन्कॉइस ही समुद्रावर काम करणारी सरकारी संस्था आहे, २००७ पासून तिथलं केंद्र हिंदी महासागरावर चोवीस तास लक्ष ठेवतं. समुद्रतळाशी दाबमापक आहेत. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ चा झाला तेव्हा चेन्नईचा किनारा रिकामा केला होता. तो भूकंप आडव्या सरकण्याचा होता, समुद्राचा तळ फारसा वरखाली झाला नाही, म्हणून मोठी लाट आली नाही. तुमच्या किनाऱ्याला धोका मुख्यतः मकरानकडून, वेसावकरांच्या आजींनी पाहिला तोच.

गुहागरचा_बंड्या

मग आमच्या गावात भोंगा कुठाय? वादळाच्या वेळेस तलाठी फोन करतात, निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी तेवढंच. रात्री तीनला लाट आली तर कोण उठवणार?

डॉ_भूगर्भ

ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी हेच काम केलं. नकाशे काढले, वाटा ठरवल्या, सराव घेतले. २०२० मध्ये त्सुनामीसाठी तयार गावं म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली त्यांना. नोलियासाहीत मुख्यतः मच्छीमारच राहतात. तुमची ग्रामपंचायत जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाला पत्र देऊ शकते.

गुहागरचा_बंड्या

देतो. पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो. उंचावर म्हणजे आमच्याकडे शाळेमागची पायवाट आहे, पण ती करवंदीने पार बुजलीय, आधी ती मोकळी करायला लागेल. चार पोरं आहेत, गणपतीआधी करून टाकू.

वेसावकर

पत्राचा मजकूर इथे टाक रे बंड्या. आम्ही पण देतो.