शब्दचर्चा : वारस, वारसदार की उत्तराधिकारी?

मी मुद्रितशोधनाचं काम करते. परवा सांगोल्याच्या राजकारणावरचा एक लेख तपासायला आला होता. गणपतराव देशमुखांनंतर शेतकरी कामगार पक्षाचं (शेकापचं) तिथे काय झालं, असा विषय. एकाच पानात त्यांच्या नातवांसाठी ‘वारस’, ‘वारसदार’ आणि ‘उत्तराधिकारी’ हे तिन्ही शब्द आले होते, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘आबासाहेबांची गादी’ (आबासाहेब म्हणजे गणपतरावच). लेखकाला फोन केला. म्हणाले, “ताई, अर्थ एकच आहे. तुम्हाला बरा वाटेल तो ठेवा.”

अर्थ एकच आहे असं मला वाटत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आधी ‘वारसदार’. अरबीतल्या ‘वारिस’चा मराठीत ‘वारस’ झाला. वारस म्हणजेच ज्याला वारसा मिळतो तो. मग त्याला ‘दार’ कशाला? ‘दार’ लागतो तो वस्तूला किंवा हक्काला : जमीनदार, दुकानदार, वतनदार. माणसाला लागत नाही; ‘मालकदार’ कोणी म्हणत नाही. बरं, तो ‘वारसा’ या नामाला लागला असेल म्हणावं, तर हिस्सा–हिस्सेदार, ठेका–ठेकेदार, पट्टा–पट्टेदार या चालीने ‘वारसेदार’ व्हायला हवा होता. तसा तो नाही. म्हणजे आपण वारसालाच पुन्हा एकदा वारस केलं आहे. शब्द आता इतका रुळलाय की तो चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण माझ्या हाताखालून जाताना त्यातला ‘दार’ मी काढते.

खरी अडचण ‘वारस’ या शब्दाचीच आहे. हा शब्द आपण तलाठ्याकडे शिकलो. खातेदार वारला की मृत्यूचा दाखला घेऊन जायचं, वारसांची नावं सांगायची, ती गाव नमुना ६-क मध्ये चढतात, मग फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नावं लागतात. वडील गेले तेव्हा मी स्वतः हे केलं आहे. तलाठ्याने पहिला प्रश्न विचारला, “कधी वारले?” कारण त्याआधी वारस नसतोच. जिवंत माणसाला मुलं असतात, नातवंडं असतात. वारस मेल्यावर ठरतो. तरी बातम्यांत हयात नेत्याचा ‘राजकीय वारस’ दर आठवड्याला जाहीर होत असतो. गणपतराव २०१९ साली उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. तेव्हा गणपतराव हयात होते. ते गेले ३० जुलै २०२१ला. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. यांत ‘वारस’ कोण? तलाठ्याला विचाराल तर तो राजकारणाचं काहीच सांगणार नाही, घरातली सगळी नावं लिहून घेईल.

‘उत्तराधिकारी’ मला जवळचा वाटतो, कारण त्यात ‘अधिकार’ आहे, मालमत्ता नाही. पण त्यालाही एक गाठ आहे. १९५६चा जो कायदा आपण बोलताना ‘हिंदू वारसा कायदा’ म्हणतो, त्याचं सरकारी मराठी नाव ‘हिंदू उत्तराधिकार अधिनियम’. म्हणजे सरकारी भाषेत हे दोन्ही शब्द एकाच खुंटीला बांधलेत. तुम्ही काय वापरता?

अकोल्याहून

मी ‘धुरा’ वापरतो. ‘पक्षाची धुरा अमुक यांच्याकडे.’ आमच्या वऱ्हाडात मात्र हा शब्द लिहिताना थोडं थांबावं लागतं. इकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. ‘धुऱ्यावरून भांडण’ म्हटलं की घरोघरी समजतं, आणि ते भांडण भावाभावांतच असतं. बातमीतला ‘धुरा’ संस्कृत ‘धुर्’पासूनचा, धुर् म्हणजे जू, आणि त्यावरून ओझं. धुरीण, धुरंधर त्यातलेच. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्याला आजही धुरकरी म्हणतात. मला हा शब्द यासाठी आवडतो की तो मिळत नाही, पेलावा लागतो. ‘गादी’वर माणूस बसतो. ‘धुरा’ घेऊन बसताच येत नाही.

फोंड्याहून

गोव्यातलं एक उदाहरण देते, त्यावर तुमचे शब्द लावून बघा.

भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ला गेले. मुख्यमंत्री असतानाच गेले. त्यांच्या जागी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोच्या) आमदारांनी त्यांच्या कन्येला, शशिकला काकोडकरांना निवडलं. ताई १९६७ सालीच आमदार झाल्या होत्या आणि वडिलांच्या मंत्रिमंडळात त्यांनी काम केलं होतं. म्हणजे रक्ताने वारस, निवडीने उत्तराधिकारी. इथपर्यंत दोन्ही शब्द एकाच व्यक्तीवर बसतात, म्हणून कोणाला फरक कळत नाही.

फरक पुढे कळतो. १९७९ला स्वपक्षाचेच आमदार फुटले आणि ताईंचं सरकार पडलं. १९८०च्या निवडणुकीत मगो हरला, आणि त्यानंतर ताई काँग्रेसमध्ये गेल्या. वारस घराबाहेर, घर तसंच उभं! रमाकांत खलपांनी पक्ष सावरला. ताई पुढे परत आल्या, १९९०च्या सरकारात मंत्रीही झाल्या. आणि आज मगोची सिंह ही निशाणी ज्यांच्याकडे आहे, ते ढवळीकर बंधू बांदोडकरांच्या घरातले नाहीत. सुदिन ढवळीकर मडकईचे आमदार, दीपक ढवळीकर पक्षाचे अध्यक्ष. त्यांना भाऊसाहेबांचे ‘वारस’ म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरी माझे वडील आणि काका जेवणाच्या पानावर भांडलेले मी पाहिले आहेत. काका म्हणत, “मगो ज्याने राखला तो वारस.” वडील म्हणत, “राखणारा राखणदार, वारस नव्हे.” दोघेही भाऊसाहेबांचेच.

आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी यातला एकही शब्द नसे. ती म्हणत, “भाऊंनंतर ताई.” इतकंच.

मूळ प्रश्नकर्ती

“भाऊंनंतर ताई” हे फार आवडलं. ‘नंतर’ या शब्दात हक्काचा दावा नाही, फक्त क्रम आहे. ‘उत्तराधिकारी’तल्या ‘उत्तर’चा अर्थ तरी दुसरा काय? नंतरचा.

अलिबागहून

शेकापचा विषय निघालाय, तर पदाचं नाव कोणीच कसं काढलं नाही? या पक्षात ज्याच्या हाती कारभार, तो अध्यक्ष नव्हे, सरचिटणीस. एन. डी. पाटील अनेक वर्षं सरचिटणीस होते, नंतर जयंत पाटील. इतर पक्षांत सरचिटणीस डझनाने असतात आणि ते अध्यक्षाच्या खाली. बाहेरगावचे पत्रकार म्हणूनच गोंधळतात आणि ‘शेकापचे अध्यक्ष जयंत पाटील’ असं लिहून मोकळे होतात. एकच शब्द, पण उंची वेगळी.

आणि वरच्या ‘धुरा’बद्दल. शेकापची निशाणी वर्षानुवर्षं खटारा, म्हणजे बैलगाडी, होती. माझी आजी लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण मतपत्रिकेवर चाक आणि जू बोटाने बरोबर दाखवायची. म्हणजे या पक्षाची धुरा अगदी चित्रातच होती.

आता घराण्याचं बोलतो, कारण ते टाळून ही चर्चा खरी होणार नाही. १९३३ला चरीचा संप सुरू झाला, तो १९३९पर्यंत चालला. खोतांच्या विरोधात कुळांनी जमिनी कसायच्या थांबवल्या, सहा वर्षं हाल काढले. त्याचे नेते नारायण नागू पाटील. त्यांचे मुलगे प्रभाकर पाटील आणि दत्ता पाटील, मग प्रभाकर पाटलांची मुलं मीनाक्षीताई, जयंतभाई, पंडितशेठ, आणि २०२४ला अलिबागमधून उभ्या राहिलेल्या, जयंतभाईंच्या सूनबाई चित्रलेखा पाटील. चार पिढ्या झाल्या. माझं घर याच पक्षाचं, तीन पिढ्या. आम्हीही वारशानेच शेकापचे आहोत, हे कोणी मोजत नाही. वारसा फक्त पुढाऱ्यांच्या घरात नसतो.

पण एक गोष्ट मनाला लागते. ‘कूळ’ हा शब्द आमच्याकडे दोन अर्थांचा. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि कूळ म्हणजे घराणं. हा पक्ष पहिल्या अर्थाच्या कुळांनी उभा केला. आज त्याच्याबद्दल बातमी येते ती दुसऱ्या अर्थाच्या कुळाची. शब्द तोच राहिला, आम्ही मात्र पहिल्या अर्थापासून लांब आलो.

मूळ प्रश्नकर्ती

तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. त्यावरून दोन गोष्टी.

पहिली, ‘चिटणीस’. चिठी-चिटीतला ‘चिट’ आणि फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसचा फडणीस झाला, तसाच हा. ‘सर’ म्हणजे मुख्य : सरनोबत, सरदार, सरपंच. तेव्हा सरचिटणीस म्हणजे लिहिणाऱ्यांतला मुख्य. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांच्यामागे मुलगा खंडो बल्लाळ चिटणीस झाला. तोही कोणत्या परिस्थितीत? १६८१ला संभाजीराजांच्या आज्ञेने बाळाजींना देहदंड झाला, आणि त्याच राजांच्या, मग राजारामांच्या, मग शाहूंच्या चाकरीत खंडो बल्लाळ राहिले. पुढे पदाचं आडनाव झालं. लिहिणाऱ्याचं काम घराण्याकडे जाणं ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. पण खंडो बल्लाळांचं नाव आपण घेतो ते बाळाजींचा मुलगा म्हणून नव्हे, त्यांनी केलेल्या कामासाठी.

दुसरी, तुमचा ‘कूळ’. शेकाप आणि मगो हे दोन्ही पक्ष ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणारे. गोव्यात १९७६ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती ताईंच्याच सरकारची. तिने कुळाला जमिनीचा मालक केलं. ज्यांनी सांगितलं की जमीन बापाच्या नावाने नाही, कसणाऱ्याच्या घामाने ठरते, त्या पक्षांचं पुढारपण सांगताना आपण खोताच्या दफ्तरातला शब्द वापरतो. मला खुपत होतं ते हेच, आता सापडलं. मग ‘वारस’ऐवजी ‘वहिवाटदार’, म्हणजे प्रत्यक्ष कसणारा-वापरणारा, का नको?

साताऱ्याहून (वकिलीतून निवृत्त)

बाई, तुमची कळकळ पटते, पण कायदा तुमच्या बाजूने नाही. कूळ वारलं तर कूळहक्क कोणाकडे जातो? त्याच्या वारसांकडेच. १ एप्रिल १९५७ला कृषक दिनी जी कुळं मालक मानली गेली, त्यांच्या जमिनी आज त्यांच्या नातवंडांच्या नावावर आहेत, आणि त्यांतली बरीचशी नातवंडं पुण्या-मुंबईत आहेत. कसणं एका पिढीचं, वारसा पुढच्या सगळ्यांचा. तुम्ही ‘वहिवाटदार’ म्हटलंत तरी ‘वारस’ मागच्या दाराने परत येतो.

फरकच दाखवायचा असेल तर बँकेतला शब्द घ्या. खात्याला नॉमिनी लावतो, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात ते खऱ्या हक्कदारांसाठी सांभाळायला, आणि हिशेब त्याला द्यावा लागतो. पुढाऱ्याने हयातीत नाव जाहीर केलं तर तो नॉमिनी. हक्कदार मतदार.

मूळ प्रश्नकर्ती

मान्य. ‘वहिवाटदार’ मागे घेते. मनासारखा अर्थ हवा म्हणून शब्दाला ओढलं मी.

सांगोल्याहून

सगळं वाचलं. आमच्याच गावचं चाललंय म्हणून लिहितो.

आबासाहेब पहिल्यांदा १९६२ला निवडून आले, एकूण ११ वेळा. १९७२ला आणि १९९५ला पडले होते, हे बाहेरचे विसरतात. तेव्हा कुणी म्हणालं नाही की ‘गादी गेली’. पडले, पुन्हा लोकांत फिरले, पुन्हा आले. ‘गादी’ हा शब्द ते थकल्यावर शहरातल्यांनी आणला.

आमच्याकडे सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पहाऱ्याची वेळ झाली की पुढचा विणेकरी समोर येऊन उभा राहतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग पहिला आपल्या गळ्यातली वीणा काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. तेवढ्या वेळात तारेवरचं बोट थांबत नाही. मी लहानपणी वडिलांकडून अशी वीणा घेतली आहे, पहाटे चारच्या पहाऱ्याला. ती घेताना मी त्यांचा मुलगा नव्हतो, पुढच्या पहाऱ्याचा माणूस होतो. माझा पहारा संपल्यावर ती शेजारच्या आळीतल्या सुताराच्या मुलाने घेतली. वडील कौतुकाने बघत होते, दोन्ही वेळेला सारखेच. याला तुमच्या कोशात शब्द असेल तर सांगा. आम्ही नुसतं ‘वीणा घेतली’ म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ती

कोशात एका शब्दात मिळालं नाही. ‘वीणा घेतली’ हेच लिहून ठेवलंय वहीत.

लेख काल छपाईला गेला. ‘वारस’, ‘वारसदार’, ‘गादी’ सगळं काढलं. एका ठिकाणी ‘उत्तराधिकारी’ होता, तोही काढला, कारण गणपतरावांनी नातवाला नेमलं की लोकांनी निवडलं, ते त्या शब्दाने कळत नव्हतं. आता वाक्य असं आहे : ‘गणपतराव देशमुखांचे नातू बाबासाहेब देशमुख २०२४च्या निवडणुकीत सांगोल्यातून निवडून आले.’ लेखकाचा फोन आला होता. म्हणाले, वाक्य सपक झालं. मी त्यांना हा धागा वाचायला दिला आहे.