पाणी प्यायला आलेला पाहुणा : वन्यप्राण्यांशी गाठ पडल्याचे तुमचे अनुभव सांगा

वस्तीवरची
काल रात्री साडेअकराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नुसता कल्ला. पार्किंगच्या कॅमेऱ्यात म्हणे बिबट्या! सकाळी नीट बघितलं तर उदमांजर. मी रात्रीच सांगत होते, पण ऐकतंय कोण.

त्यावरून आजी आठवली. जुन्नर तालुक्यात आमचं घर वस्तीवर, तिन्ही बाजूंनी ऊस. अंधार पडल्यावर अंगणात उतरायच्या आधी आजी उंबऱ्यावर थांबून जोरात खाकरायची, मग घुंगुरकाठी तीनदा फरशीवर आपटायची. मला कैक वर्षं वाटायचं तिला कफाचा त्रास आहे.

सहावीत असताना एकदा लाईट गेलेली, काठी सापडेना, म्हणून मी तशीच मोरीकडे निघाले. आजीने वेणी धरून मागे ओढलं. बॅटरी मारली तर हौदाच्या काठावर दोन दिवे चमकले. पाणी पीत होता. मांजर बशीतलं दूध पितं ना, तसाच लपलप आवाज, फक्त मोठा. आजी त्याला म्हणाली, "पी बाबा, पी आणि जा." आम्ही पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकत घरात आलो. दाराला कडी घातली आणि मग मला एक सणसणीत बसली, काठीशिवाय निघाले म्हणून. ती बिबट्या कधी म्हणाली नाही, वाघरूच म्हणायची.

तुमच्याकडे काय काय झालंय? लिहा.

शिवारातला
आमच्याकडं कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, उसामागं हे आलं. उसातच जन्मतंय, उसातच वाढतंय, त्यानं जंगल बघितलंय कुठं? शेतीची लाईट रात्रीची, उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जावंच लागतं. मोबाईलवर गाणी फुल आवाजात लावून जातो. एकट्यानं वाकून, बसून काम करायचं नाही. उभा माणूस त्याला माणूस दिसतो, वाकलेला शेळी दिसतो. आज आमच्यात तोड चालू होती, सरीत दोन पिल्लं सापडली. बाकीचं नंतर लिहितो, वनखात्याची माणसं आलीत.

माडाखाली
माझा साप. सासूबाई मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचतात, अगदी पाकिटात घातल्यासारखं. मी हसायचे, एवढे डास तरी कुठे आहेत! पहिल्याच पावसाळ्यात पहाटे जाग आली तर उशीपासून वीतभरावर, जाळीच्या पलीकडे मण्यार. काळीकुळकुळीत, अंगावर पांढरे पट्टे. कडेकडेने आत शिरायला फट शोधत होती. मी हूं की चूं केलं नाही. सर्पमित्र येईपर्यंत अर्धा तास त्या पाकिटात बसून होते.

भटक्या
म्हणजे सासूबाईंचं ऐकावं लागतं तर :)

माडाखाली
मच्छरदाणीपुरतं.

रात्रपाळी
गावच्या दवाखान्यात नर्स आहे. मण्यारीचा दात लागलेला बऱ्याचदा कळतसुद्धा नाही हो. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत म्हणून माणूस येतो आणि रात्री जमिनीवर झोपलेला असतो. तेव्हा जाळी खोचाच. दंश झाला तर दोरीने आवळू नका, ब्लेड मारू नका, भगताकडे वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका, आडवं ठेवून थेट दवाखान्यात आणा.

आणि कृपा करून साप मारून आणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच. एकाने "मेलेली" घोणस पिशवीतून आणली, टेबलाखाली ठेवली आणि ती चालायला लागली. आमच्या मावशी अजून कुणाच्या हातात पिशवी दिसली की आधी स्टुलावर चढतात.

पोलादपूरकर
विंचू चालेल का? आमच्या लहानपणी लाल विंचू चावला की माणूस जायचाच असं घरोघरी धरून चालायचे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. मी आता मुंबईत अठराव्या मजल्यावर राहतो, तरी बूट उलटा करून आपटल्याशिवाय पाय घालत नाही. बायको म्हणते, लिफ्टने येणार का विंचू?

पंचगंगा
राधानगरीकडं जाताना रस्त्यात गवा उभा असला तर हॉर्न द्यायचा नाही, लाईट डिम करून गप थांबायचं. त्याचं तो जातोय. आमचं पावणं फोटो काढायला उतरलं. गव्यानं नुसतं फुस्स केलं, पावणं थेट टपावर! खरं सांगू, मला गव्यापेक्षा गर्दीचं भ्या वाटतंय. २०२० च्या डिसेंबरात कोथरूडात शिरलेला गवा आठवतोय का? मागं पळणाऱ्या लोकांनीच त्याचा जीव घेतला.

भटक्या
आठवतोय. मी तेव्हा तिथेच राहायचो. आमच्या गल्लीतलेही बघायला पळाले होते. जाऊ दे.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीत काळं अस्वल. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर ठेवला की पार्टी त्याची, आवरायचं आपण. आता सकाळी गाडी यायच्या वेळीच बाहेर नेते. पक्ष्यांना दाणे टांगायचेही बंद केलेत. दिवाळीचा उरलेला चिवडा त्याला फार आवडला होता पण.

माडाखाली
पातळ पोह्यांचा का भाजक्या?

सातासमुद्रापार
पातळ. खोबऱ्याचे काप तेवढे वेचून खाल्ले मेल्याने.

मोहफूल
आमच्या चंद्रपुराकडे उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोह वेचायले जातात. वेचायचं म्हणजे खाली वाकूनच, आणि वाघाची वेळबी तीच. म्हणून बाया चार-पाच मिळून जातात, एक उभी राहून पाहते आणि सगळ्यांची तोंडं सुरू. मावशी म्हणते, वाघ भेते तं आमच्या गप्पाइले. हसण्यावारी नेते, पण तिच्या जावेचा नवरा गेला तसाच. त्या दिवशी एकटा होता.

रात्रपाळी
अरेरे.

भटक्या
गडावर आग्या मोहोळ असेल तर खाली चूल पेटवू नका रे, इतकंच सांगायला आलो होतो. धूर गेला आणि आम्ही अर्धा गड विनापायऱ्या उतरलो. एक डंख बसला की त्या वासावर बाकीच्या येतात. झटकत उभं राहू नका, तोंड झाकून सुटा. हा उजव्या डोळ्याने टंकतोय असं समजा :)

पोलादपूरकर
वस्तीवरची, काठीचं काय झालं?

वस्तीवरची
आहे ना. इथे पुण्यात, दारामागे. दोन घुंगरं पडलीत. मुलगा तिचा स्टंप करतो. आणि हो, सोसायटीत उद्या "बिबट्या बंदोबस्त" या विषयावर सभा आहे. १९२६ ही वनविभागाची हेल्पलाईन आहे एवढं सांगून येणार, वर्गणी देणार नाही.

शिवारातला
आत्ता आलो. पिल्लं होती त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवली, कॅमेरा लावला, आम्ही सगळे लांब बसलो. साडेनऊला आली. पंजानं क्रेट उलटा केला, एक मानगुटीला धरून नेलं. वीसेक मिनिटं काहीच नाही. आमच्यातला एकजण म्हणाला, ही काय आता येत नाही. मग परत आली, दुसरं घेऊन गेली. झोपतो आता, टोळी सहाला येईल.