शब्दचर्चा : सीओएसला 'चाहूल' म्हणावे का?

प्रश्न : हॅम रिपीटरच्या (हौशी रेडिओचे बोलणे पकडून पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्राच्या) रिसीव्हरला जोडतात त्या सीओएस (कॅरियर-ऑपरेटेड स्विच, म्हणजे कॅरियर ही मूळ रेडिओ लहर आली की कळवणाऱ्या) सर्किटला 'संकेतशोधक' म्हटलेले चालेल का? आणि सीओआर म्हणजे काही वेगळे का?

उत्तर : 'शोधक' पटत नाही, हे सर्किट काही शोधत नाही. कॅरियर नसेल तेव्हा एफएम डिस्क्रिमिनेटरमधून (लहरीतून आवाज काढणाऱ्या भागातून) नुसती खरखर येते, कॅरियर आला की ती दबते. बोलण्याच्या पट्ट्याच्या वरची खरखर गाळायची, वाढवायची आणि तिचे डीसी करायचे, एवढेच स्क्वेल्चचे (कोणी बोलत नसताना स्पीकर गप्प ठेवणाऱ्या सर्किटचे) काम. खरखर थांबली की कोणीतरी आले. मी 'चाहूल' सुचवेन. सीओआरमधला 'आर' रिलेचा. रिले बहुतेक गेला, नाव उरले.

उत्तर : चाहूल आवाजाने लागते, इथे आवाज गेल्यावर लागते! तरी शब्द छान आहे. मात्र ही चाहूल कॅरियरची, टोनची नव्हे. सीटीसीएसएसला (बोलण्याखाली सोडलेला ओळखीचा टोन, ६७ ते २५४.१ हर्ट्झ) 'टोन-ओळख' म्हणा आणि कंट्रोलरला (रिपीटर चालू-बंद करणाऱ्या सर्किटला) दोन्ही तारा वेगळ्या द्या. टोन डिकोडर सुटायला वेळ घेतो. एकट्या त्याच्यावर विसंबलात तर प्रत्येक बोलण्यामागे खरखरीची शेपटी ऐकू येते.

प्रश्न : रिसीव्हरमध्ये ही चाहूल घ्यायची कुठून?

उत्तर : अँटेना काढा, स्क्वेल्च जेमतेम मिटेल इतका ठेवा. १० मेगओहमच्या मल्टिमीटरने स्क्वेल्चच्या भागातले व्होल्टेज बघा, मग सिग्नल जनरेटरने कॅरियर द्या. जिथे व्होल्टेज स्वच्छ उडी मारते आणि व्हॉल्यूम फिरवल्याने हलत नाही, तो बिंदू तुमचा.

रिसीव्हरमध्ये एमसी ३३५७ ही एफएमची आयसी असेल तर १३ नंबरची पिन. खरखर असताना ती सप्लायच्या जेमतेम अर्धा व्होल्ट खाली असते, कॅरियर आला की खाली पडते. तिच्यावर साधारण ५०० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त भार नको, म्हणून ४७ किलोओहममधून २एन३९०४ ट्रान्झिस्टरच्या बेसला जा. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर मोकळा, तोच कंट्रोलरकडे जातो. कंट्रोलरकडे पुल-अप (तार वर ओढून ठेवणारा रोधक) नसेल तर ५ व्होल्टला ४.७ किलोओहम. तार डब्याबाहेर पडते तिथे ०.००१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. तो नसला तर ट्रान्समीटरचे आरएफ आत शिरून चाहूल फडफडते. फडफड थांबवायला मोठा कपॅसिटर लावू नका, शेपटी वाढेल.

उत्तर : इथेच 'ॲक्टिव्ह लो'चा घोळ होतो. वरच्या जोडणीत ट्रान्झिस्टर एकदा उलटवतो, म्हणजे कॅरियर आला की कलेक्टर वर जातो. कंट्रोलरला 'खाली म्हणजे आला' असे सांगून ठेवले असेल, तर कोणी नसताना रिपीटर अखंड चालू आणि कोणी बोलू लागला की गप्प! याला सरळ 'उलटी चाहूल' म्हणू. कंट्रोलरमधली सेटिंग बदला किंवा आणखी एक ट्रान्झिस्टर टाका.

प्रश्न : मग स्क्वेल्चला काय म्हणायचे?

उत्तर : स्क्वेल्चच. 'ध्वनिदमन' लिहिलेत तर कोणाला कळणार नाही.